चौथी ओळ, अकरावी कबर

अस्तरवाली मावशी दफनभूमीत शिरली तेव्हा तिच्या पिशवीत खुरपं, पाण्याची बाटली आणि एक जुनं फडकं होतं. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती येई, नवऱ्याच्या कबरीवरचं गवत काढी, माती सारखी करी, घरातल्या चार गोष्टी त्याला सांगे आणि परत जाई. नऊ वर्षांत हा नेम तिने दोनदाच चुकवला होता. एकदा पाय मुरगळला म्हणून, आणि एकदा मागच्याच महिन्यात, डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून.

तेवढ्यात घात झाला होता.

कबरीवर ताज्या मातीचा उंचवटा होता. त्यावर सुकत चाललेल्या फुलांची चक्रं, एका चक्रावर पांढरी फीत आणि फितीवर एका बाईचं नाव. उंचवट्याशेजारी घडीचं स्टूल टाकून एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, जाड काचांचा चष्मा.

मावशीला आधी वाटलं की डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं. तिने मागे वळून ओळी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उठा इथून," ती म्हणाली.

माणूस गडबडून उभा राहिला. "तुम्ही... तिच्या ओळखीच्या का? वाचनालयातल्या?"

"कुणाच्या?"

"माझ्या बायकोच्या. बारा दिवस झाले तिला."

"तुमच्या बायकोला मी ओळखत नाही. पण ती माझ्या नवऱ्याच्या अंगावर झोपवलीय, एवढं मला दिसतंय."

माणसाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चष्म्यांचंच दुकान होतं त्याचं, बाजाराच्या कोपऱ्यावर. "मावशी, मला त्यांनी ही जागा दाखवली. मी काय, जिथे नेलं तिथे गेलो. मला त्या दिवशी माझा पायसुद्धा दिसत नव्हता."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मावशीला त्याच्यावर ओरडता येईना. तिने पिशवी उचलली आणि चर्चची, पॅरिशच्या ऑफिसची वाट धरली.

तिला अस्तरवाली का म्हणत ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवरा पेटीवाला. पॅरिशमध्ये कुणी गेलं की शवपेटी त्याच्याकडून यायची आणि पेटीच्या आतलं अस्तर, उशी आणि कडेची झालर ही शिवायची. पेटीवाला गेला, दुकान दुसऱ्याने घेतलं, पण अस्तरं अजून हिच्याकडेच येत. त्यामुळे दफनाचे नियम तिला पाठ होते. तात्पुरती कबर सात वर्षांची. सात वर्षांनी वारसांना पत्र जातं, मग कबर उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. कोनाडा नको असेल किंवा वारसच नसतील तर हाडं सामायिक अस्थिविहिरीत. कायमची कबर मात्र कायमची. तिला कुणी हात लावायचा नाही. म्हणून तिचा नवरा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचा, "सात वर्षांची की कायमची?" सात वर्षांच्या पेटीला तो हलकं, मऊ लाकूड लावी, वेळेत मातीला मिळावं म्हणून. कायमच्या पेटीला सागवान.

पॅरिशच्या ऑफिसात चिटणीस बसले होते. त्यांना सगळे वहीसाहेब म्हणत, कारण देवाच्या खालोखाल त्यांचा विश्वास दफनाच्या वहीवर होता, आणि काही जण म्हणत की खालोखाल नव्हे.

"वहीसाहेब, माझ्या नवऱ्याच्या कबरीत एक बाई पुरलीय."

"असं होणार नाही," वहीसाहेब मान वर न करता म्हणाले.

"झालंय. आत्ता बघून आले."

"कुठली कबर?"

"चष्मेवाल्याच्या बायकोची बघा की, कुठे पुरलीत."

वहीसाहेबांनी थुंकी न लावता पान उलटलं. त्या बाबतीत ते स्वच्छ होते. "सहावी ओळ, क्रमांक अकरा. तात्पुरती. मुदत संपली. वारसांना पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. कबर उघडली, अस्थी विहिरीत, जागा नव्या मयताला. सगळं नियमाप्रमाणे."

"पत्र कुणाला पाठवलंत?"

त्यांनी एका भलत्याच माणसाचं नाव वाचलं, परदेशी गेलेल्या कुणाच्या तरी पुतण्याचं.

"हा माझा नवरा आहे का?"

"नाही."

"मग माझा नवरा कुठाय?"

पुन्हा पानं उलटली. वहीसाहेबांचं बोट एका ओळीवर थांबलं आणि चेहऱ्यावर समाधान पसरलं. "हे बघा. चौथी ओळ, क्रमांक अकरा. कायमची. आहेत ते जागेवर."

"जागेवर आहेत?"

"वहीत आहेत."

"वहीसाहेब, मी नवरा मातीत पुरला होता. वहीत नाही."

"मावशी, तुमचं वय झालंय, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. ओळ चुकली असेल. आता लाकडी क्रूस नाहीत ना, सगळं सारखंच दिसतं."

क्रूस नव्हते, ही त्यांचीच करामत. सहा महिन्यांपूर्वी समितीने ठराव केला की लाकडी क्रूसांना वाळवी लागते, शिवाय एक उंच एक ठेंगणा असं बरं दिसत नाही. सगळे क्रूस काढले आणि प्रत्येक कबरीपाशी पत्र्याची एक एक पाटी रोवली, वर ओळ, खाली क्रमांक. पेटीवाल्याचा क्रूस त्याने स्वतः हयातीत केलेला. तोही गेला. तेव्हा मावशी गप्प बसली होती. आता तिला त्या गप्प बसण्याचीच चीड आली.

ती ऑफिसातून निघाली ती थेट अवजारांच्या खोलीकडे. खणक्या तिथे फावड्याची माती खरवडत बसला होता. तीस वर्षं तो या दफनभूमीत कबरी खणत होता आणि पेटीवाल्याशी त्याची दोस्ती जुनी होती. मावशीला बघून त्याने मान खाली घातली. त्या मान घालण्यातच तिला उत्तर मिळालं.

"भावजी, तुम्ही खणलंत?"

"वहिनी, मला मारा."

"मारीन मग. आधी सांगा."

खणक्याने फावडं बाजूला ठेवलं. "पाटीवर सहा आणि अकरा होतं. चिठ्ठीवरही तेच. मी म्हटलं, हा तर मधला पट्टा, इथे आपला पेटीवाला. तर वहीसाहेब म्हणाले, तू ओळ विसरलास. मला वाटलं, असेल. सगळे क्रूस गेले तेव्हापासून मलाही चुकल्यासारखं होतं. खाली गेलो. वहिनी, सात वर्षांची पेटी असली की फावडं लागताच भुगा होतो. ही खणकन वाजली."

"सागवान."

"सागवान. मी तिथेच थांबलो. वर येऊन म्हटलं, ही कायमची पेटी आहे, तात्पुरत्याला कुणी सागवान लावत नाही. तर म्हणाले, फाटकात प्रेत आलंय, घंटा सुरू झालीय, तू मला सुतारकाम शिकवू नकोस. वहीत आहे ते खरं."

"आणि तुम्ही फोडलीत."

"फोडली." खणक्या फावड्याकडे बघत म्हणाला, "सहा घाव लागले. सांधा सुटतच नव्हता."

एवढ्या संतापातही मावशीला वाटून गेलं की नवऱ्याचं काम पक्कं होतं. "पुढे?"

"गोणीत भरलं. विहिरीत."

"अस्तर कसं होतं?"

"वहिनी, ते कशाला विचारता?"

"मी शिवलंय. मी विचारणार."

खणक्याने फावड्यावरची माती बोटाने खरवडली. "कापड गेलं होतं. टाके होते. नुसते टाके, रांगेत."

मावशी खोलीच्या उंबऱ्यावर बसली. फडक्याने तोंड पुसलं. मग म्हणाली, "ओळ तुम्ही विसरला नव्हतात. मीही नाही. मग हा घोळ झाला कसा?"

दोघं उठून दफनभूमीच्या मधोमध जाऊन उभे राहिले, आणि घोळ त्यांना तिथेच दिसला. इतका सरळ, की आधी कुणाच्या लक्षात कसा आला नाही याचीच लाज वाटावी. रस्ता रुंद झाला तेव्हा तीन वर्षांमागे जुनं फाटक बुजवून टाकलं होतं आणि समोरच्या बाजूला नवं केलं होतं. जुन्या वहीतल्या ओळी जुन्या फाटकाकडून मोजलेल्या. वहीसाहेबांनी पाट्या रोवल्या त्या नव्या फाटकाकडून मोजून, कारण ते त्या फाटकातून आत येत. ओळी नऊ. जुनी चौथी ती नवी सहावी. ओळीत कबरी एकवीस, म्हणजे अकरावी कुठूनही मोजा, मधलीच.

"म्हणजे सगळ्यांचंच उलटं झालंय," खणक्या म्हणाला.

"पाचवी ओळ सोडून."

"पाचवीतलेही डावे उजवे उलटलेच की."

दोघांनी चहूकडे पाहिलं. एकशे एकोणनव्वद माणसं खाली शांतपणे पडून होती आणि पाचव्या ओळीतला मधला एक सोडला तर प्रत्येकाच्या उशाशी दुसऱ्याचा नंबर होता.

संध्याकाळी लेक कामावरून आली. ती एका दाताच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसे. आईने सगळं सांगितलं आणि कपाटातून कागद काढला. आधीच्या थोरल्या फादरांच्या सहीचा. चर्चचे बाक आणि दोन्ही दरवाजे पेटीवाल्याने करून दिले, त्याबद्दल नवराबायकोला एक कायमची कबर, दुहेरी खोलीची. आधी जाईल तो खाली, मागून येईल तो वर. कागद हातात पडला त्या दिवशी पेटीवाला म्हणाला होता, "जन्मभर माझ्या डोक्यावर बसलीस, मेल्यावरही बस." लेकीने कागद वाचला आणि डोळे पुसले, पण तिचा स्वभाव समेटाचा.

"आई, ते कोनाडा देतील. संगमरवरी. मी फादरांशी बोलते. चुका होतात गं. आमच्याकडे एकाचा भलताच दात उपटला. डॉक्टरांनी माफी मागितली आणि दुखरा दात फुकट काढून दिला."

"माफी मागितली ना?"

"हो."

"बघ. दाताची मागितली."

दुसऱ्या दिवशी मावशीने फादरांना आणि वहीसाहेबांना दफनभूमीत आणलं. धाकटे फादर नवे होते, दोन वर्षांपूर्वी आलेले, बोलायला मऊ. मावशीने वहीसाहेबांना बुजवलेल्या फाटकापाशी उभं केलं.

"मोजा."

वहीसाहेब मोजत निघाले. एक, दोन, तीन, चार. चौथ्या ओळीच्या मधोमध चष्मेवाल्याच्या बायकोची कबर. चष्मेवाला तिथेच स्टुलावर होता. तो उठून उभा राहिला.

"आता तिकडून."

तिकडून सहा. वहीसाहेबांनी कपाळाचा घाम टिपला. "म्हणजे मोजणी दोन्हीकडून बरोबर आहे," ते म्हणाले.

"मोजणी बरोबर आहे आणि माझा नवरा विहिरीत आहे!"

फादर मध्ये पडले. सगळे ऑफिसात जाऊन बसले. फादरांनी स्वतः मावशीला पाण्याचा पेला दिला. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, ते दिसतही होतं. पण वाईट वाटणं आणि ते चारचौघांत बोलून दाखवणं यांत त्यांच्या लेखी बरंच अंतर होतं. ते म्हणाले की पॅरिशतर्फे दर्शनी भिंतीतला कोनाडा देऊ, नावाची पाटी लावू, दरवर्षी एक मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, त्यांच्या नावाने वाहू.

"कोनाड्यात ठेवणार काय?" मावशीने विचारलं.

वहीसाहेबांनी उत्तर दिलं, "विहिरीतल्या थोड्या अस्थी. प्रतीक म्हणून."

"कुणाच्या?"

"आता ते वेगळं कसं काढणार, मावशी? कुणाच्याही. प्रार्थना तर त्यांच्याच नावाने होणार ना."

पेला मावशीच्या हातात होता तो तिने टेबलावर असा ठेवला की पाणी वहीवर उडालं. वहीसाहेबांनी झडप घालून वही उचलली.

"बघा, बघा फादर! चार थेंब उडाले तर वही छातीशी धरली यांनी. माझ्या माणसाला गोणीत भरलं तेव्हा हे हात कुठे होते? कुणाचंही हाड घेऊ आणि त्याच्यापुढे मी मेणबत्ती लावू? अरे, मी चाळीस वर्षं अस्तरं शिवली. कधी मापात चूक केली नाही. मेलेल्याला टोचतंय का हे सांगायला कुणी उठून येत नाही, म्हणूनच जास्त जपून शिवलं. आणि तू मला प्रतीक देतोस?"

ती 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आली ते तिचं तिलाही कळलं नाही. वहीसाहेबांना मात्र कळलं.

"तुमची इच्छा काय आहे ते सांगा," फादर म्हणाले.

"रविवारी वेदीवरून सांगा. झालेली चूक, कुणाची, कशी, सगळी. आणि पाट्या उपटा. नाहीतर उद्या आणखी कुणाचा तरी बाप विहिरीत जाईल."

फादरांनी हात जोडले. "मावशी, वेदीवरून सांगितलं तर लोक घाबरतील. प्रत्येक जण आपापली कबर तपासायला येईल."

"येऊ देत की! आपलीच माणसं आहेत ती."

"समितीत ठेवतो. पुढच्या महिन्यात बैठक आहे. तोवर हा एक कागद..." वहीसाहेबांनी तेवढ्यात कागद लिहून तयारच ठेवला होता. कोनाडा मिळाल्याने तक्रार मिटली, असा. मावशीने तो वाचला, घडी घातली आणि परत वहीसाहेबांच्या खिशात कोंबला.

गुरुवारी सकाळी ती टोपली घेऊन दफनभूमीत गेली. नव्या फाटकापासून सुरुवात केली. पहिल्या ओळीतली पहिली पाटी दोन्ही हातांनी धरली, हलवली, उपटली, टोपलीत टाकली. मग दुसरी. सातव्या पाटीला तिचा दम उखडला. तेव्हा कुणीतरी टोपलीचा दुसरा कान धरला. चष्मेवाला होता.

"मावशी, मी दोन दिवस झोपलो नाही," तो म्हणाला. "मी फादरांना सांगतो. तिला इथून हलवा. दुसरीकडे नेऊ. तुमची जागा तुम्हाला मिळू दे."

"खबरदार," मावशी म्हणाली. "ती आपल्या पायांनी आली का इथे? एकदा झोपवलेल्या माणसाला उठवायचं नाही. त्यासाठीच तर मी भांडतेय."

"पण तुमची जागा..."

"जागा गेली माझी. ती आता तुमच्या बायकोची. काय करायची?"

"वाचनालय सांभाळायची."

"मग शांतता आवडत असेल. माझा नवरा दिवसभर ठोकाठोक करायचा. सुटली बिचारी." एवढं बोलून ती स्वतःच हसली, आणि हसता हसता तिचा श्वास अडखळला. चष्मेवाल्याने तोंड फिरवलं आणि आठवी पाटी उपटली.

दोघं मिळून ओळीमागून ओळ करत गेले. पाटी ओली माती घेऊन वर येई, चष्मेवाला ती बुटाच्या टाचेवर आपटून झाडी. तिसऱ्या ओळीपाशी खणक्या अवजारांच्या खोलीबाहेर आला. त्याने एकदा नीट पाहिलं आणि पाठ करून फावड्याला धार लावायला बसला.

"भावजी, दिसतंय ना?" मावशीने हाक मारली.

"मला काही दिसत नाही, वहिनी. हल्ली नजर फार कमी झालीय. या साहेबांच्या दुकानात येऊन तपासून घेईन म्हणतो."

दुपारपर्यंत एकशे एकोणनव्वद पाट्या निघाल्या. टोपली चार खेपा भरली. शेवटची खेप मावशीने ऑफिसच्या टेबलावर रिकामी केली तेव्हा आवाज ऐकून फादर जेवणावरून उठून आले.

"हा गुन्हा आहे!" वहीसाहेब ओरडले. "पॅरिशच्या मालमत्तेचं नुकसान!"

"बोलाव पोलीस. आले की त्यांना ओळी मोजून दाखव."

"फादर, आता एखादं प्रेत आलं तर कुठे पुरायचं?"

"घरच्यांना विचार," मावशी म्हणाली. "तुमचं माणूस कुठे आहे ते सांगा म्हणावं. खणक्याला विचार. वहीला विचारू नकोस."

फादर पाट्यांच्या ढिगाकडे बघत उभे राहिले. त्यांच्या हातात अजून रुमाल होता. त्यांनी वहीसाहेबांकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. मग म्हणाले, "रविवारी सांगतो."

रविवारी चर्च भरलं होतं. पाट्यांची बातमी पसरली होती, त्यामुळे एरवी न येणारेही आले होते. मिस्सा संपत आली, शेवटच्या आशीर्वादाआधी सूचना वाचतात ती वेळ आली. फादरांनी कागद उलगडला.

"दफनभूमीतील ओळींच्या मोजणीबाबत काही गैरसमजातून एका कुटुंबाची गैरसोय..."

चौथ्या बाकावरून मावशी उठून उभी राहिली. शेजारी बसलेल्या लेकीने तिचा पदर ओढला, मग तिचा चेहरा पाहून सोडून दिला.

"गैरसमज नाही, फादर," मावशी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण वर छत उंच होतं. "गैरसोय पण नाही. मी काय बसस्टॉपवर ताटकळले? चूक म्हणा."

फादरांचे कान लाल झाले. त्यांनी कागदाची घडी केली आणि तो वेदीवर ठेवला.

"चूक," ते म्हणाले. "आमची चूक झाली. आपल्या पेटीवाल्यांची कबर कायमची होती, ती आम्ही चुकून उघडली, आणि त्यांच्या अस्थी आता परत देता येत नाहीत. खणणाऱ्याने सांगितलं होतं, ते आम्ही ऐकलं नाही. ज्यांची माणसं तिथे आहेत त्यांनी कृपा करून मिस्सानंतर यावं आणि आपल्या माणसापाशी उभं राहावं. वही नव्याने लिहायची आहे."

असा देखावा त्या दफनभूमीने कधी पाहिला नव्हता. नऊ ओळींत माणसं उभी. कुणी एकटं, कुणी पोराबाळांसकट. दोन भाऊ बऱ्याच वर्षांनी एकाच कबरीशी आले आणि उन्हात एकमेकांना सावली द्यायला लागले. एका बाईला आपल्या सासूची जागाच आठवेना, शेजारच्या कबरीवरून कुणीतरी म्हणालं, "आमच्या बाबांच्या डावीकडे, तुम्ही तेव्हा माझ्याच खांद्यावर रडला होतात." जिथे कुणीच उभं नव्हतं तिथे खणक्या जाऊन उभा राही आणि तोंडपाठ सांगे, कोण, कधी, कुठल्या पेटीत. वहीसाहेब कोरी वही घेऊन एकेकापाशी थांबत. लोक बोलत, ते लिहीत. कित्येक वर्षांत त्यांना एवढं कुणाचं ऐकावं लागलं नव्हतं.

चौथ्या ओळीच्या मध्यावर चष्मेवाला एकटाच उभा होता. मावशी तिथे नव्हती.

ती कोपऱ्यातल्या अस्थिविहिरीपाशी होती. सिमेंटचा गोल कट्टा, वर लोखंडी झाकण, झाकणाला कडी. लेक तिच्यावर छत्री धरून उभी होती. वहीसाहेब सगळ्यांत शेवटी तिच्याकडे आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती.

"मावशी, इथे का थांबलात?"

"माणसापाशी उभं राहा म्हणाले ना फादर. माझं माणूस इथे आहे. लिही."

"विहिरीतल्यांची नोंद नसते. तसा रकाना नाही वहीत."

"मग आख."

वहीसाहेबांनी मागे वळून फादरांकडे पाहिलं. फादर जवळ आले होते. त्यांनी मान हलवली. वहीसाहेबांनी कट्ट्यावर वही टेकवली, शेवटच्या पानावर एक रेघ मारली, वर 'विहीर' असं लिहिलं आणि खाली पेटीवाल्याचं नाव, वडिलांचं नाव, वर्ष.

"आता त्याच्याखाली माझं."

"तुम्ही तर जिवंत..."

"तेवढं मलाही कळतं. आगाऊ लिही. मी मेले की सात वर्षं जिथे जागा असेल तिथे ठेवा. आठव्या वर्षी इथे. कोनाडा नको, वारसांना पत्र नको. ही माझी वारस, ऐकतेय ती."

लेकीची छत्री हलली. "आई, मला तुला भेटायला कुठे..."

"इथेच ये. दोघांना एका खेपेत भेटशील."

वहीसाहेबांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं टपोरं नव्हतं आलं. त्यांनी शाई फुंकून वाळवली आणि जरा घुटमळून खिशातून तो घडी घातलेला कागद काढला.

"मग आता यावर सही... म्हणजे तक्रार मिटली, एवढंच. समितीला लागतं."

मावशीने कागद घेतला नाही. तिने झाकणाच्या कडीवर हात ठेवला. लोखंड उन्हाने तापलं होतं, तरी तिने हात काढला नाही.

"त्याला बाहेर काढून, हाड न् हाड ओळखून, माझ्या हातात देशील?"

"ते कसं शक्य आहे, मावशी?"

"मग मिटली कशी? लिही, तक्रार चालू आहे."

"असं कुठवर चालू ठेवणार?"

"वहीत जागा आहे तोवर. लिही."

वहीसाहेबांनी पेन टेकवलं. तिच्या नावापुढे, उरलेल्या जागेत, त्यांनी ते तीन शब्द लिहिले. मावशीने वाकून, बोट ठेवून ते वाचले, आणि मग लेकीला म्हणाली, "चल, घरी दोन अस्तरं बाकी आहेत."